आपोआप होईल

मी पिंजरा बोलतोय. पोपटाचा नव्हे, वाघाचाही नव्हे. एवढं कुठलं आमचं नशीब! मी उंदरांचा पिंजरा. तारेचं अंग, पत्र्याचं दार, आत एक आकडा आणि पाठीवर ताणलेली स्प्रिंग. आकड्याला पावाचा तुकडा लावायचा, उंदरानं तो ओढायचा, की दार खटकन बंद. एवढ्या एका कौशल्यावर माझं आयुष्य निघालं. मला कुणाला खाऊ घालता येत नाही, मारता येत नाही, आणि स्वतःचं दार तर मुळीच उघडता येत नाही.

मला घडवलं एका पत्रेकाम करणाऱ्यानं. पकडीनं तार वळवताना तो शिट्टी वाजवायचा. दार नीट पडतं का, हे बघायला त्यानं स्वतःचंच बोट आत घातलं. मी असा काही बसलो त्याच्या बोटावर, की त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग बोट चोखत शेजारच्याला म्हणाला, "झक्कास चावतोय बेटा!" मला कोण अभिमान वाटला! दुष्टपणा म्हणजे चावणं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे माणसांच्या घरात राहिलो आणि तो समज पार धुऊन निघाला.

मला विकत घेतलं चष्मेवाल्यांनी. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलत "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारण्यात त्यांची हयात गेली. बायको लवकर वारली, मागे एक मुलगा आणि एक धाकटी मुलगी. माणूस स्वभावानं अगदी लोणी. मुलांवर कधी हात उगारला नाही, नोकरावर कधी आवाज चढवला नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकायचे. गल्ली म्हणायची, माणूस असावा तर असा.

पहिला उंदीर सापडला त्या सकाळी धुणंभांडी करणाऱ्या मावशी मला उचलून मोरीकडे निघाल्या.

"बादलीत बुडवते. एका दमात सुटेल बिचारा."

"छे छे!" चष्मेवाले पुढे धावले. "आपल्या हातून जीव जायला नको."

"मग लांब सोडून येऊ?"

"परत येतात हो ते. मागच्या खोलीत ठेवा आणि दार ओढून घ्या. आपोआप होईल."

झालं. तोच घराचा नियम झाला. मुलं शेजारीपाजारी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे उंदीरसुद्धा मारत नाहीत.

आपोआप काय होतं, ते फक्त मला ठाऊक आहे. ऐकायचंय? आधी तो नुसता धावतो. चारही बाजूंना जाऊन येतो, जणू मघाशी बघायचा राहून गेलेला एखादा कोपरा असेल. मग तार कुरतडतो. नाकाडाची साल निघते, दातातून रक्त येतं, तरी कुरतडतो. दुसऱ्या दिवशी तो माझी तार चाटू लागतो, कारण लोखंड गार असतं आणि त्याला ते पाणी वाटतं. शेवटी एका कोपऱ्यात बसून मिशा साफ करतो. हे मला कधीच कळलं नाही. मरायला टेकलेला जीव मिशा कशाला साफ करतो? पण करतो खरा. मग पंजा वर जाईनासा होतो. तिसऱ्या दिवशी मावशी नाकाला पदर लावून यायच्या आणि मला कचऱ्यावर झटकायच्या. चष्मेवाले तेव्हा नेमके दुकानात असायचे.

किती उंदीर गेले कोण जाणे. मुलं मोठी झाली. मुलानं दुकान सांभाळलं, घरात सूनबाई आली. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. आणि एक दिवस चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या नाकावर काच ठेवता ठेवता खाली कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला फक्त डावा हात आणि घशातून निघणारा एक "आ".

सुरुवातीला त्यांचा पलंग पुढच्या खोलीत होता. लोक येत, फळं आणत, सूनबाईचं कौतुक करत. सूनबाईनं केलंही खूप. तिची कंबर मोडून आली, तिची झोप उडाली. ती काही राक्षसीण नव्हती. तशी असती तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं. पुढे लोक येईनासे झाले आणि वास मात्र राहिला. मग मुलगा म्हणाला, "मागच्या खोलीत बाबांना जरा शांतता मिळेल."

असे ते माझ्या खोलीत आले.

एकदा पाहुणे आलेले असताना ते पलंगावरून घसरत, एका हातानं फरशीवर अंग ओढत, ओल्या कपड्यांनिशी बैठकीच्या दारापर्यंत गेले. पाहुणे कसंनुसं हसले. दुसऱ्या दिवशी मुलानं खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. त्यानंतर पाण्याचा हिशेब सुरू झाला. पाणी कमी दिलं की चादर कमी ओली होते, हे साधं गणित. मावशी एकदा फरशी पुसता पुसता त्यांना जास्तीचं पाणी पाजत होत्या, तर सूनबाई दारातून म्हणाली, "मावशी, नका देऊ हो. तुमचं काय जातंय, चादर मला बदलावी लागते." मावशींना आणखी चार घरची कामं होती. पुढे त्या फक्त फरशी पुसायच्या आणि खाली मान घालून निघून जायच्या.

कुणी मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही. रागावलेला माणूस केव्हातरी दमतो, स्वतःची लाजही वाटते त्याला. न बघणारा माणूस कधी दमत नाही. तो जेवतो, झोपतो आणि म्हणतो, आम्ही कुणाचं वाईट केलं नाही.

अशातच माझ्यात एक उंदीर सापडला. मुलानं सवयीनं मला उचललं आणि मागची खोली गाठली.

"अहो, बाबा आहेत ना तिथे?" सूनबाई म्हणाली.

"मग काय झालं? बाबांचाच तर नियम आहे."

त्यानं मला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, पाण्याच्या पेल्याजवळ, आणि कडी लावून गेला.

चष्मेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिलं. धावणं पाहिलं, कुरतडणं पाहिलं. उंदीर तार चाटू लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात ओघळलं, पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी मनात म्हटलं, बघा आता. आता दिसतंय? खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटली. इतक्या वर्षांचा साक्षीदार मी एकटाच होतो, आता दुसरा मिळाला.

पण त्यांनी नुसतं पाहिलं नाही. डाव्या हाताचं बोट पेल्यात बुडवलं आणि माझ्या तारेला लावलं. उंदीर दचकून मागे सरला, मग पुढे आला आणि चाटू लागला. पुन्हा बोट, पुन्हा थेंब. त्यांचे स्वतःचे ओठ उन्हात ठेवलेल्या कातड्यासारखे फुटलेले होते, आणि संध्याकाळपर्यंत तोच एक पेला पुरवायचा होता. मग त्यांनी माझं दार उघडायचा प्रयत्न केला. माझी स्प्रिंग दाबायला एक हात लागतो आणि दार धरायला दुसरा. त्यांच्याकडे एकच होता. दार निसटलं आणि मी त्यांच्या बोटावर बसलो. त्यांनी पुन्हा केलं. मी पुन्हा चावलो. माझ्या अंगात एवढीच एक गोष्ट भरलेली आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या कारागिराचा राग आला.

दुसऱ्या दिवशी घरात लगबग सुरू झाली. धाकटी येणार होती. फोनवर तिला दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "बाबा मजेत आहेत, आत्ताच झोपले." आता ती स्वतः बघणार होती. मुलानं वडिलांची दाढी केली, सूनबाईनं नवा सदरा चढवला, पावडर लावली, आणि दोघांनी मिळून त्यांना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. त्यांच्या डोळ्यांत केवढी आशा होती! ती आली की दार उघडणार होतं.

"अगंबाई, बाबा! किती छान दिसताय!" तिनं त्यांचा हात धरला.

"आ," ते म्हणाले आणि डाव्या हातानं मागे दाखवू लागले.

"काय हवंय? पाणी?"

घसा कोरडा पडला होता, तरी त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा मागच्या खोलीकडे बोट. "बघून येते हं," म्हणत धाकटी उठली आणि आत आली. पलंगावरचं रबरी कापड तिनं पाहिलं. तो वास तिच्या नाकात गेला. मग बाबा हेच दाखवत असतील असं समजून मला उचलून बाहेर पडताना तिची नजर दारावर थांबली.

"दादा, ही कडी बाहेरून का रे?"

"अगं, उंदीर येतात ना बाहेर. सुळसुळाट झालाय नुसता."

उंदीर काय कडी काढून बाहेर येतात? दाराखालून दोन उंदीर एकदम सरकतील एवढी फट होती, आणि ती तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं फटीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं.

"हो का," ती म्हणाली.

तिनं मला वडिलांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिचं मनगट धरून माझ्या दारावर नेलं. आता तीन हात झाले. स्प्रिंग दबली, दार उघडलं, आणि उंदीर त्यांच्या सदऱ्यावरून उडी मारून पसार झाला. सूनबाई किंचाळली, मुलगा सोफ्यावर चढला, आणि मग सगळे पोट धरून हसले. "बाबा अजून तस्सेच आहेत," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "लोणी!"

ते हसले नाहीत. त्यांनी तिचा हात सोडलाच नव्हता. तो त्यांनी माझ्या उघड्या दारावर ठेवला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. पुन्हा माझ्या दारावर, पुन्हा छातीवर. मग तिचा हात माझ्या तारेवर ठेवून मागच्या खोलीकडे बोट केलं. "आ," ते म्हणाले. "आ."

धाकटीचं हसू थांबलं. तिचा हात माझ्या तारेवर होता, म्हणून मी शपथेवर सांगतो, तिची बोटं तिच्यावर आवळली. तिला कळलं होतं. पण कळलं, तर पुढचं सगळं करावं लागतं. भावाशी भांडावं लागतं, वडिलांना स्वतःच्या घरी न्यावं लागतं, स्वतःची झोप घालवावी लागते.

"हो बाबा, सोडलं हं त्याला. गेला तो," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहिलं. बसची वेळ झाली होती.

दारात तिनं सूनबाईला मिठी मारली. "वहिनी, तू आहेस म्हणून. माझ्याच्यानं नसतं झालं गं." सूनबाईच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. सगळ्यांना फार बरं वाटलं.

नवा सदरा काढला. त्यांना परत माझ्या खोलीत आणलं, मला परत स्टुलावर ठेवलं, आणि कडी लागली. त्यानंतर ते फार दिवस नव्हते. मी रिकामा होतो, तरी त्यांचं ओलं बोट माझ्या तारेपर्यंत येत राहिलं. मग हात वर जाईनासा झाला. "झोपेत गेले," मुलानं सगळ्यांना सांगितलं. "शेवटपर्यंत आम्ही कधी आवाज चढवला नाही." आणि ते अगदी खरं होतं.

आता पलंग काढून टाकलाय. खोली पुन्हा माझी एकट्याची. एकटा तरी कसा म्हणू? काल एक उंदीर सापडला. आत्ता तो माझी तार चाटतोय.

लोकहो, मी चावतो, कारण मला स्प्रिंग आहे. तुम्हाला हात आहेत. मारायचंच असेल तर मावशींची बादली आणा, सोडायचं असेल तर दार उघडा. काहीच जमत नसेल तर बोट तरी ओलं करा. धाकटे, तुला तर माझं दार उघडायचं कसं हेही ठाऊक आहे. पण आपोआप होईल, असं म्हणून कडी लावू नका. आपोआप काहीच होत नाही. कुणाला तरी ते भोगावं लागतं.

थांबा. दाराबाहेर पावलं वाजली. उंदीर चाटायचं सोडून पुन्हा तारेवर धडपडतोय.

"आवाज येतोय का गं अजून?"

"येतोय थोडासा."

"मग राहू दे. उद्या बघू."