गुरुवारचा मेळावा

चाकणच्या आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, म्हणून आमचा ॲनिमे मेळावाही गुरुवारीच भरायचा. मी आणि भीमराज एकाच लाइनवरचे कामगार, दोघांनाही जपानी कार्टूनचं वेड. पुनावळ्यातल्या एका हॉलमध्ये आम्हीच तो सुरू केला. भीमराज कार्टूनमधल्या योद्ध्यासारखं पॅकिंगच्या फोमचं चिलखत घालून दारात उभा राहायचा. टोप जुन्या हेल्मेटचा केलेला, इतका जड की त्याची मान सारखी खाली जायची. लोकांना वाटायचं, वाकून स्वागत करतोय.

पुढं ताथवड्याची कॉलेजची पोरं आली आणि मेळावा रविवारवर गेला. मी चिडलो. भीमराज म्हणाला, "गर्दी वाढतीय राव, वाढू दे."

यंदा दहाव्या वर्षी पोरांनी आम्हा दोघांचा सत्कार ठेवला, तोही रविवारीच. सुट्टी मागितली, मिळाली नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर फोटो आला. पुढं दोन रिकाम्या खुर्च्या, त्यांवर शाली, आणि लांब मागं हॉलचं दार. मला शिव्याच सुचत होत्या. भीमराज मात्र ते दार मोठं करून बघत होता. तिथं चिलखत घातलेला एक पोरगा पाहुण्यांपुढं वाकला होता.

"टोप जड असणार बिचाऱ्याचा," भीमराज म्हणाला आणि हातमोजे चढवून लाइनवर गेला.