सोमवारची दाढी

म्हातारपणी मला दाढी आली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मध्ये खिदळलेलं मला चालत नाही.

माझं ब्लडप्रेशर कुणाच्या बापाला ऐकत नव्हतं. नाना गोळ्या झाल्या, पथ्यं झाली, आकडा आपला वरच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मिनॉक्सिडिल दिली. रक्तवाहिन्या सैल होतील, म्हणाल्या, पण अंगावर केस वाढतील हं. मी म्हटलं, वाढू देत, या वयात बघतंय कोण! प्रेशर खरंच उतरलं, आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत काळीभोर लव दाट झाली. टकली माणसं हेच औषध डोक्याला चोळत बसतात म्हणे. चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय.

ड्रायक्लीनरच्या दुकानात काउंटरमागे बसून मी कपडे दुरुस्त करायची. बाही आखूड कर, चेन बदल, असली कामं. गिऱ्हाईकं पँट पुढे करायची आणि बघायची माझ्या हनुवटीकडे. एका चिमुरडीने तर आईला मोठ्याने विचारलंच, की हे आजोबा साडी का नेसलेत. मालक भला, चकार शब्द बोलला नाही, पण मीच मशीन उचलून घरी आणलं. मग कपड्यांची पिशवी दारात यायची आणि दारातूनच परत जायची. लांब राहणाऱ्या लेकीला सांगितलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. खरं सांगते, घर खायला उठायचं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन हट्टच धरला, ही गोळी बदला. त्या म्हणाल्या, एवढ्यात नाही जमायचं. मनाने बंद केलीत तर प्रेशर उसळेल, मग मला बोल लावू नका.

तेव्हा मला आमच्या न्हाव्याची आठवण झाली. आमचे हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा दर सोमवारी, सलूनच्या सुट्टीला, तो घरी येऊन त्यांची दाढी करायचा. हे गेले आणि त्याचं येणं थांबलं. मी फोनवर काही सांगितलं नाही, नुसतं ये म्हटलं. आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निमूट पेटी उघडली. गोळीचं नाव मी सांगितलं. तो स्वतः ठार टकला. तेच औषध वर्षभर डोक्याला चोळतोय, एक केस उगवेना, आणि तुम्हाला बघा न पेरता पीक, अशी कुरकुर करत त्याने ब्रशने फेस काढला.

खिडकीपाशी खुर्ची ओढून मी मान मागे टेकली. त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी वर उचलली.

"काका, गाल फुगवा," तो सवयीने म्हणाला.

मी फुगवला. त्याने जीभ चावली. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले आणि फेसातून पाणी ओघळलं. लागलं का काकू, म्हणून तो घाबरला. लागलं काहीच नव्हतं. हे गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता, एवढंच.

तेव्हापासून सोमवार ठरला. तो गरम टॉवेल ठेवतो, साऱ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, वस्तरा सावकाश फिरवतो. लेकीला सांगितलं, कॅमेरा सुधारला. काउंटरवरही परत बसते. माणसं कपडे देतात, पावती घेतात, चालू लागतात. मी सोमवारची वाट बघते.

परवा डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. प्रेशर आता ताब्यात आहे, नवी गोळी सुरू करू या, काही महिन्यांत केस आपसूक जातील, म्हणाल्या. तुम्हीच मागे लागला होतात ना!

"राहू दे हीच," मी म्हटलं. "मला मानवलीये."

त्यांनी का, कशासाठी, खोदून खोदून विचारलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. आता त्यांना काय सांगू? गाल गुळगुळीत झाले, तर तो माझ्याकडे कशाला येईल?