हात लागला नाही

"तात्या, आधी रिकामा बार उचला. लगीच प्लेटा नगं," जिम चालवणारा युवराज म्हणाला.

 ज्या जिममध्ये बावीस वर्षं घाम गाळला, तिथे मला रिकामा बार? पण बेंचवर आडवा झालो, बार छातीवर आणला आणि सातव्या वेळेला कोपरं लटलटायला लागली तेव्हा प्लेटांचं नाव काढलं नाही. दीड वर्षाचा खाडा पडला होता. तुम्ही पूर्वी कोण होता, हे शरीर विचारत नाही.

मी जोतीराम. भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. दिवसभर उसाच्या गाड्या तोलतो, आधी भरलेल्या, मग रिकाम्या. वय अठ्ठेचाळीस. गेल्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले आणि विचारलं, "काम कुठे करता?" साखर कारखान्यात म्हटल्यावर ते हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून मनिषाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, घराचा दवाखाना केलाय. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी एकच भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, ताक. चहा बिनसाखरेचा. शिवाय कालव्याच्या कडेने रोज चाळीस मिनिटं तरातरा चालायचं. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, असं डॉक्टरांचं म्हणणं. बोलायला बरोबर कोण असतं? पावलागणिक कानात एकच आवाज. अजून एक. अजून एक.

तो आवाज वसंताचा. वसंत शेळगावचा, कारखान्यात फिटर. वीस वर्षं आमची जोडी. तो बेंचवर आडवा की मी डोक्याशी सपोर्टला उभा. मी आडवा की तो उभा. आकडे मोजायचा त्याला कंटाळा, म्हणून प्रत्येक वेळी "अजून एक" एवढंच म्हणायचा. त्याचा कमरेचा पट्टा अजून खिळ्याला लटकत होता. पहिल्या दिवशी मी त्या खिळ्याकडे पाठ करूनच व्यायाम केला.

आमची जिम आधी तालीम होती. लाल माती गेली, मशिनी आल्या, पण कोपऱ्यातला मारुती राहिला आणि त्याच्याबरोबर एक रीत राहिली. छातीवरून शंभर किलो उचलणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर रंगवतात. त्याआधी सपोर्टला उभा असलेल्याने मारुतीच्या पायाला हात लावून म्हणायचं, "हात लागला न्हाय." मगच पेढे.

वसंत सहा वर्षं पंचाण्णवावर अडकला होता. "तुझी शंभरी आता वयाचीच व्हायची," असं मी त्याला चिडवायचो. एका सकाळी त्याने हट्टाने शंभर लावले. बार अर्ध्यात थांबला. त्याची मान लाल झाली, डोळे माझ्याकडे लागले. मी दोन बोटं लावली. दोनच, बारच्या खालून, कुणाला दिसणार नाहीत अशी. बार वर गेला. शिट्ट्या वाजल्या. आणि मी, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आलेला माणूस, मारुतीच्या पायाला हात लावून म्हणालो, "हात लागला न्हाय."

नवव्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना वसंताची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गेली. वसंत जागीच गेला.

ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, असं लोक म्हणाले. म्हणोत. खोटी शपथ मी घेतली आणि मारुतीने भलत्याच माणसाला धरलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, मनिषालासुद्धा नाही. त्यानंतर मी जिमची पायरी चढलो नाही, चढलो ते डॉक्टरांनी ढकलल्यावरच.

तीन आठवडे गेले. अंगात थोडी धग आली, पोट पट्ट्याच्या एका भोकाने आत गेलं, पण साठ किलो काही उठेना. दोनदा गेला की तिसऱ्यांदा बार छातीवरच बसायचा. मग एका सोमवारी युवराजने नव्या चकचकीत प्लेटा आणल्या. जुन्या त्याच्या वडिलांनी गावच्या भट्टीत ओतून घेतलेल्या होत्या, वीसचा आकडा वेडावाकडा उमटलेला. नव्या प्लेटा लावून मी साठ आठ वेळा उचलले.

"तात्या, जवानी आली की परत!" युवराज म्हणाला.

मला आनंद झाला नाही. एका दिवसात ताकद एवढी वाढत नाही. पंचवीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला अशा वेळी वजनाचाच संशय येतो.

दुपारी जुन्या प्लेटा न्यायला सर्जेराव भंगारवाले आले. त्यांनी आपला हुकाचा काटा पुलअपच्या दांड्याला अडकवला आणि पहिली वीसची प्लेट टांगली. काट्यावर आकडा आला बावीस. दुसरी बावीस. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच.

"ओतताना जाड झाल्याती," सर्जेराव म्हणाले. "भट्टीवाल्याला कुठला आलाय काटा."

बार वीसचा. चार प्लेटांचे अठ्ठ्याऐंशी. एकशे आठ.

"आयला! म्हंजी वसंततात्यांनी एकशे आठ उचललं व्हय!" युवराज ओरडला. "उद्या रंगारी येतोय. पाटीवर तसंच लिवू का?"

"थांब जरा," मी म्हणालो.

दिवसाला हजारो टन तोलणारा मी. पण रोज ज्याच्या खाली झोपायचो ते लोखंड कधी तोलून बघितलं नव्हतं. आणि आता तोललं तरी उपयोग काय? शपथ वजनाची नव्हती, हाताची होती.

युवराज सर्जेरावांना प्लेटा गाडीत चढवू लागला, तेव्हा मी त्या हुकात दोन बोटं अडकवली आणि खाली ओढलं. चार किलो. पुन्हा ओढलं, नऊ. आणखी जरा, तेरा. जेवढं ओढावं तेवढा आकडा. त्या दिवशी किती होता? आठाच्या आत, म्हणजे शंभर त्याचेच, की आठाच्या वर? बोटांना विचारून बघितलं. बोटं काय सांगणार!

तसाच उठून शेळगावला गेलो. वसंताची बायको, पद्मावहिनी, ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"या भावजी. च्या करते, बिनसाखरेचा. मनिषानं फोन करून ठिवलाय."

"च्या ऱ्हाऊ द्या वहिनी. एक सांगायला आलोय." आणि मी उभ्याउभ्याच सगळं ओकलो. बोटं, मारुती, नववा दिवस.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला ठावं हाय ते."

"कसं?"

"त्याच दिशी सांगितलं त्यांनी. म्हणालं, जोत्यानं बोटं लावली. त्येला वाटतंय मला कळलं न्हाय."

"मग पेढं कशापायी वाटलं?"

"मीबी त्येच इचारलं. तर म्हणालं, आता मी न्हाय म्हटलं तर जोत्याची शपथ खोटी पडती. हंगाम उरकू दे, एकट्यानं उचलतो. म्हंजी त्येची शपथ खरी हुईल."

मी ओट्यावर बसलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, बायामाणसांसमोर रडू नये म्हणतात. मी रडलो. वहिनींनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"एकशे आठ होतं वहिनी," मी शेवटी म्हणालो. "प्लेटा जड होत्या."

"आकडा घिऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. "नाव तेवढं पुसू नगासा."

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने पाटी रंगवली. वसंताचं नाव होतं तिथेच राहिलं. आकडा मी घालू दिला नाही. युवराजने कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

मग मी खिळ्यावरचा पट्टा काढला, झटकला आणि कमरेला बांधला. वसंताचं भोक मला घट्ट झालं, तरी त्याच भोकात अडकवला. साठ किलो लावले.

"मागं उभा ऱ्हाऊ का तात्या?" युवराजने दारातून विचारलं.

"कोण नगं."

आठ झाले. नववा घ्यायला नको होता, पण कानात आलंच, अजून एक. बार अर्ध्यात थांबला. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. आता हा गळ्यावर येतो, एवढं कळलं. आणि बार हलका झाला. थोडासाच, दोन बोटांएवढा. तो वर गेला आणि खणकन बेंचच्या घोडीवर बसला.

मी मान वळवून बघितलं. युवराज दारातच होता, दोन्ही हात खिशात घालून. माझ्या डोक्याशी कुणी नव्हतं.

मी उठून बसलो. समोर कोपऱ्यात मारुती होता. साठाला शपथ लागत नाही, तेवढं एक बरं झालं.