बत्तीस बोर, आठ गोळ्या

काडतुसांचं वजन घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या अंगातून घेतलं जातं, हे अंगणवाडीच्या कुंदाताईंनी शलाकाला आधीच सांगितलं होतं. किमयाला काट्याच्या झोळीत बसवून त्या आकडा वाचत होत्या.

"अकरा किलो. छान आहे पोर. पण घरात हत्यार आणताय म्हणे? आणा बापडे. मात्र हिचा काटा दर आठवड्याला करून घ्या. इथल्या दोन पोरी अशाच हलक्या झाल्यात."

शलाका रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने मान डोलावली, लेकीचा उलटा घातलेला बूट सरळ केला आणि मनात म्हटलं, यांचं आपलं काहीतरीच.

तिच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. तीन महिन्यांपासून फाटकासमोर एक माणूस उभा राहत होता. आकाशी शर्ट, हात मागे. अडीच वर्षांची किमया गॅलरीत आली की तो मान वर करायचा, ती आत गेली की खाली घालायचा. बाकी काही नाही. ठाण्यात म्हणाले, उभं राहणं हा गुन्हा नाही. शलाकाचा नवरा देवदत्त डोंगरावर पवनचक्क्यांच्या कामाला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येणारा. तो फोनवर म्हणाला, "घे मग एखादं. पण नीट बघून घे. रोज जवळ बाळगायचंय, शोकेसमध्ये नाही ठेवायचं."

परवाना चौथ्या दिवशी दुधाच्या पिशवीबरोबर दारात आला.

कुतुबभाईंचं दुकान कापडबाजारात होतं. त्यांनी गळ्यातली टेप काढून आधी शलाकाच्या कमरेचं माप घेतलं.

"रोज बाळगणार?"

"रोज."

"मूल कुठल्या कडेवर घेता?"

"डाव्या."

"मग हत्यार उजव्या. पोरं पाय झाडतात, बेटा. घोड्याला लागायला नको." त्यांनी हिरव्या कापडावर दोन रिव्हॉल्व्हरं मांडली. "ही बावीस बोर. धक्का नाही, आवाज कमी, आठ गोळ्या बसतात. पण खरं सांगू? बावीसची लागली की समोरचा म्हणतो, डास चावला वाटतं. ही बत्तीस. हाताला झटका देते, पण समोरचा काही म्हणत नाही. हिच्यात सहा."

"सहा कमी होतात."

"बायका साडीच्या दुकानात असंच म्हणतात. सहा दाखवल्या की आणखी दाखवा." ते स्वतःच हसले. "बत्तीसचं पिस्तूल आहे ना. आठ बसतात. नळीत एक जास्तीची ठेवलीत तर नऊ."

"आणि वजन?"

"बावीसची गोळी पाव किलो. बत्तीसची एक किलो."

शलाकाला हा हिशेब पटला नाही. गोळी म्हणजे काही ग्रॅमची वस्तू. ती म्हणाली, "एवढं वजन येतं कुठून?"

कुतुबभाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घरात लहान कोण आहे?"

तिने बावीस घेतली. आठ गोळ्या भरल्या आणि किमयाला कडेवर उचललं, तर पिशवीतून दोन किलो तांदूळ काढून घेतल्यासारखं वाटलं. किमयाला काही झालेलं नव्हतं. ती बिस्किट खात होती.

घरी आली तर फाटकासमोर नऊ माणसं. सगळ्यांचे शर्ट आकाशी, हात मागे, आणि भर मे महिन्यात प्रत्येकाच्या अंगावर घोंगडी. तिने दोनदा मोजलं. गोळ्या आठ, माणसं नऊ.

"घोंगड्या घेतल्यात ना?" कुतुबभाई फोनवर म्हणाले. "मग बावीस आत शिरायचीच नाही. उद्या बदलून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुकानात आठही गोळ्या परत डबीत ठेवल्या, तशी कडेवरची किमया पुन्हा अकरा किलोंची झाली. शलाकाचा गुडघा लचकला, पण तिला बरं वाटलं. परत दिलं की परत येतं, एवढं तिने लक्षात ठेवलं. मग सहा गोळ्यांचं बत्तीस बोर घेतलं. लेक पाच किलोंची उरली. संध्याकाळी फाटकाशी बघितलं तर घोंगड्या गेल्या होत्या. माणसं सात.

आठ गोळ्यांचं पिस्तूल आणलं, तर माणसं नऊ झाली आणि फाटकाच्या आत आली. नळीत नववी ठेवली, तर दहाजण स्कूटरी लावतात तिथे उभे. आता ती एकच गोष्ट करू शकत होती. आणखी दोन सुट्या घेऊन तिने पर्समध्ये टाकल्या. अकरा. त्या दिवशी बाराजण दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, पायरीला एक असे उभे होते. ते तिला वाट द्यायला बाजूला सरकले. एकाने तर तिची भाजीची पिशवी धरली. नजर सगळ्यांची तिच्या डाव्या कडेवर.

घरात आल्यावर तिने किमयाला खाली ठेवलं. ती खाली राहिली नाही.

"आई, मी वल!" किमया छताला पाठ लावून ओरडली.

"खाली ये, पिल्लू."

"नाई."

शलाकाने स्टुलावर चढून तिला वरणभात भरवला. शितं खाली पडत होती. तिने ती वेचली, खिडक्या लावल्या, गॅलरीचं दार बंद केलं आणि स्टुलावरच बसून पिस्तूल मांडीवर घेतलं. ते इतकं जड होतं की मांडीला रग लागली. ज्या पोरीसाठी हे आणलं, तिचा एक गुंजभरही भार आता त्या पोरीत नव्हता. सगळा इथे, मांडीवर. ती उठली. बारा माणसं जिन्यात राहिली तर राहू देत. हे सगळं परत द्यायचं.

किमयाला बरोबर नेता येईना. हात सुटला तर बाहेर छत नव्हतं. तिने ओढणीचं एक टोक लेकीच्या कमरेला आणि दुसरं खिडकीच्या गजाला बांधलं, कुलूप लावलं आणि निघाली.

कुतुबभाई बंद शटरसमोर स्टूल टाकून बसले होते.

"निवडणूक लागली, बेटा. आजपासून मी काही घेऊ शकत नाही, देऊ शकत नाही. सगळ्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. आजच शेवटचा दिवस."

"म्हणजे द्यायचंच ना? तेच करायला आलेय मी." शलाकाला हायसं वाटलं. ती तशीच ठाण्याकडे वळली.

दारातच हवालदार ढगे सगळ्यांचे फोन टोपलीत टाकून घेत होते. आत बाकांवर माणसं आपापली हत्यारं उशीच्या अभ्र्यात, जुन्या धोतरात गुंडाळून बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बागायतदाराने विचारलं, "तुमचं केवढं?"

"बत्तीस. आठ गोळ्या."

"नळीत?"

"एक. शिवाय दोन सुट्या."

"तरुण आहात," ते म्हणाले. "आमच्याकडं लहान कुणी उरलंच नाही. नातवंडं सुद्धा वाढली, शहरात गेली. सगळ्यांत धाकटी आमची ही, त्रेसष्ट वर्षांची. तिच्यातनं काढतो. तक्रार नाही तिची. म्हणते, गुडघे दुखायचे थांबले."

तिचा नंबर आला. ढग्यांनी पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवलं, अकरा गोळ्या कापडी पिशवीत घातल्या, तोंड शिवलं, लाखेची मोहर केली आणि पिशवी काट्यावर ठेवली. बरोबर अकरा किलो. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि नकळत कडेवर घेतली.

"आता ती खाली आली असेल ना?" शलाकाने विचारलं.

"कोण?"

"माझी मुलगी."

"ताई, जमा म्हणजे परत नव्हे. परत दुकानात देतात. जमा म्हणजे आमच्याकडे राहणार. मतमोजणी झाली की पावती दाखवा, घेऊन जा."

"मतमोजणी कधी?"

"अजून मतदान कुठं झालंय?"

"मग नको. नाही करायचं जमा. द्या ती पिशवी."

"मोहर झाली. ती साहेबच फोडतात." ढगे बोलता बोलता पिशवी थोपटत होते. "साहेब येतील, पावतीवर सही करतील. तोवर बसा. उठलात तर नंबर गेला, नंबर गेला की माल बेवारस. बेवारस माल आम्ही जिल्ह्याला पाठवतो."

"फोन तरी द्या माझा."

"पावतीशिवाय टोपलीतलं काही देता येत नाही."

ती बसली. ढगे पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथे फळीवर अशा पुष्कळ पिशव्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. दार लोटलं गेलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते आणि साहेबांची खुर्ची रिकामी होती. आज पंधरावा दिवस. देवदत्तची गाडी पाचला येते.

शलाकाने मान वर केली आणि तुमच्याकडे बघितलं. हो, तुमच्याकडेच. बाकी सगळ्यांना नंबर होते.

"तुम्ही बाहेरचे दिसता," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला उठता येतं. जवळच आहे हो, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. गोळ्या नाहीत म्हणजे फाटकाशी आता एकच माणूस असेल, तो काही करत नाही, तुम्ही सरळ वर जा. किल्ली दाराबाहेर, बुटांच्या कपाटावर आहे. ओढणीची गाठ तिला सोडता येते, परवाच शिकलीय. आणि देवदत्त घामाघूम होऊन येतो. आत आल्या आल्या चप्पलसुद्धा काढत नाही, आधी पंख्याचं बटण दाबतो. वर बघत नाही तो. कुणीच बघत नाही. तुम्ही त्याच्या आधी पोचाल ना? जरा बघून या ना, किमया कुठे आहे."