लाल दोऱ्याचा झेंडू

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर जे पितळी धूड दिसतं ना, तो मी. एक जुना सूक्ष्मदर्शक. वाकून बघाल तर माझ्या मानेवर वाळलेल्या कुंकवाचे डाग दिसतील. तेच कुंकू माझ्या स्क्रूत जाऊन बसलं आहे, म्हणून तो आता फिरत नाही. कुणी जोर लावला तर नुसता कुरकुरतो. मग तो माणूसही कुरकुरतो आणि मला परत आत ठेवतो.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भुशाने भरलेल्या खोक्यात बसून मी रेल्वेने सोलापूरला आलो. या कॉलेजात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचे. पुढे मात्र वर्षामागून वर्षं मुलं येत राहिली आणि मला कांद्याचा पापुद्रा दाखवत राहिली. कांदा बघून बघून मी थकलो, मित्रांनो. डोळ्यांना पाणी येत नाही, एवढंच काय ते नशीब.

मग वच्छलाबाई आल्या. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, इथेच शिकून इथेच शिकवायला लागलेली. इमारतीमागच्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी झेंडू लावला होता. त्यातल्या एका झाडाची फुलं टपोरी होती, पण त्यांत पराग म्हणून नव्हता. फुलातली परागाची पिशवी बाई काचेवर चिरडायच्या आणि वर लाल रंगाचा थेंब सोडायच्या. चांगल्या परागाचे दाणे रंग पिऊन गोल, लाल दिसतात. या झाडाचे दाणे ज्वारीच्या फोलपटासारखे चपटे आणि कोरडे राहायचे. पराग धरत होता आणि तयार होता होता मध्येच मरत होता.

हे मातीमुळे होतं की वंशातच आहे, हे बाईंना शोधायचं होतं. त्यांनी त्या झाडावर साध्या झेंडूचा पराग घातला. बी पेरलं, तर सगळी पोरं परागाने भरलेली निघाली.

"गेला की तुमचा दोष," साहेब हसून म्हणाले.

"गेला नाही सर, दबलाय," बाई म्हणाल्या. "याच पोरांचा पराग परत आईला लावला, की पुढच्या पिढीत निम्मी झाडं रिकामी निघायला हवीत."

मूळ झाडाची फांदी लावून त्यांनी ते जगवलं होतं. एकेका फुलावर त्यांनी हाताने पराग लावला. कुठल्या फुलावर काम झालं ते कळावं म्हणून देठाला लाल दोरा बांधला, आणि मधमाशीने दुसरा पराग आणू नये म्हणून वरून मलमलची पिशवी चढवली.

साल होतं बहात्तर. त्या साली दुष्काळ कसा पडला ते तुमच्या घरची मोठी माणसं सांगतील. कॉलेजच्या नळाला पाणी नव्हतं. बाई घरून स्वतःच्या आंघोळीचं पाणी डब्यात भरून आणायच्या आणि त्या झाडांना घालायच्या. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या हंगामात काही निघालं तर ठीक. नाहीतर तो तुकडा सायकल स्टँडला देऊन टाकू."

आणि खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची आणि अवजारांची पूजा होते. झाडलोट करणारी मल्लव्वा अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाहेर मराठी. माझी पूजा दरवर्षी तीच करायची. सकाळी लवकर येऊन तिने मला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. बाजारात फूल दिसत नव्हतं, पण माझ्या गळ्यात हार होता. मी मनातून सुखावलो, खोटं कशाला बोलू?

बाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"मल्लव्वा, ही फुलं कुठली?"

"आपलीच की बाई. मागल्या तुकड्यातली."

"पिशव्या होत्या त्यांच्यावर. दोरा होता."

"व्हय, म्हनून तर तीच तोडली. दुसऱ्याला हात लावला न्हाय. दोरा बांदल्याली म्हंजे देवाला बोलल्याली. आन् कुनी हुंगू ने म्हनून तुमी झाकून ठेवल्याली. जराशी सुकली हुती, पन देवाचीच हुती की."

बाई माझ्याजवळ आल्या. हारातलं एक फूल त्यांनी उकललं. आतलं बी पांढरं, मऊ होतं.

"कच्चं आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मल्लव्वाला दोऱ्याचा अर्थ सांगितला. मल्लव्वाचं तोंड एवढंसं झालं.

"मला कुनी सांगितलंच न्हाय, बाई."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात त्राण लागतं.

पुढे पाणी आणखी तुटलं आणि मागची झाडं उभ्याउभ्या वाळली. हार मात्र माझ्या गळ्यात तसाच राहिला. पूजेचं निर्माल्य पाण्यात सोडायचं असतं, आणि पाणी तर कुठेच नव्हतं. कचऱ्यात टाकायला मल्लव्वा तयार होईना. सगळा हिवाळा मी ते सुकलेलं ओझं वागवलं. मुलं मला नवरदेव म्हणायची.

उन्हाळ्यात साहेबांनी टेबलं आवरायला सांगितली. बाईंनी हार उतरवला आणि एक बोंड त्यांच्या बोटांत चुरडलं. माझ्या पायाशी काळं, टणक बी सांडलं. देठाशी उरलेल्या ओलीवर ते बी माझ्या गळ्यातच हळूहळू पिकलं होतं.

पाऊस झाल्यावर बाईंनी ते घरी फुटक्या बादल्यांत पेरलं. फुलं आली तशी एकेक घेऊन त्या माझ्याकडे यायला लागल्या. एका झाडाचे दाणे लाल, दुसऱ्याचे रिकामे. निम्मी भरलेली निघाली, निम्मी रिकामी. शेवटची काच लावून त्यांनी मल्लव्वाला हाक मारली.

"ये, डोळा लाव. लाल, गोल काही दिसतं का?"

"न्हाय बाई. नुसती फोलपटं हायत. परत वाया गेलं व्हय?"

"नाही गं. हेच हवं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या उभ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर ते तेवढंच.

साहेबांनी बाईंची पाठ थोपटली. सायकल स्टँड मात्र झालाच. पुढे बाईंना दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना त्यांनी उरलेल्या बियांची पुडी लाल दोऱ्याने बांधून माझ्या लाकडी पेटीत ठेवली. अधूनमधून पेरत राहा, असं त्या साहेबांना सांगून गेल्या, आणि साहेब ते विसरून निवृत्त झाले. मल्लव्वाला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ही पुडी कुणी टाकून देईल. कुणाचा हात लागू देऊ नकोस."

सात-आठ वर्षं झाली, तिने लागू दिला नाही. परवा एका नव्या सरांनी पेटी उघडली, तर म्हातारी झाडू टाकून धावत आली. "बाईंची वस्तू हाय. दोरा बांदल्याली. हात लावायचा न्हाय."

ती दर खंडेनवमीला मला हार घालते, हल्ली प्लास्टिकच्या फुलांचा. त्यातही पराग नाही, पण तो अभ्यास करायला कुणी येत नाही.

मित्रांनो, मला हार नको. माझी काच पुसा, स्क्रूतलं कुंकू काढा. तेही जमलं नाही तर राहू द्या, मी थकलोच आहे. पण ते बी फार काळ जीव धरून राहायचं नाही. ज्या फुलाला स्वतःचा पराग नाही, त्याचा वंश पुढे न्यायला दर पिढीला कुणाचा तरी हात लागावा लागतो. पाऊस जवळ आला आहे. तो दोरा सोडा.

मल्लव्वा नको म्हणेल. तिच्यावर ओरडू नका. तिला जवळ बसवून नीट समजावून सांगा. मागच्या खेपेला तेवढंच राहून गेलं होतं.