किबीच्या वाटीतले दाणे

दुकानात कुत्र्यांच्या खाण्यासाठीच एक आख्खी रांग होती. तोकुजी उराबे त्या रांगेत इतका वेळ घुटमळत होता, की दुकानातल्या मुलीला त्याचा संशय यायला लागला असावा. चष्मा कपाळावर आणि पाकीट नाकाला लावून तो मागची बारीक अक्षरं वाचत होता. पिल्लू ज्या प्राणिसंस्थेतून आणलं तिथल्या हायाशिदाताईंनी बजावून ठेवलं होतं, की घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं असलं तरच घ्यायचं, मका किंवा गहू पहिला आला की पाकीट खाली. त्यामुळे स्वस्तातली पाकिटं भराभर खाली जात होती. लाल-हिरव्या दाण्यांचं गेलं, हाडाच्या आकाराच्या दाण्यांचं गेलं. कुत्र्याला रंगाचं आणि आकाराचं काय कौतुक? ते सगळं पाकीट विकत घेणाऱ्या माणसासाठी.

शेवटी एक सापडलं. कोंबडी पहिली, रंग नाही, पिल्लांसाठी खास. किंमत बघून तोकुजीचे डोळे पांढरे झाले.

"हे एकदम चांगलंय हं आजोबा," ती मुलगी म्हणाली. "पहिल्यापासून हे घातलं ना, तर सतरा-अठरा वर्षं आरामात जगतात."

तोकुजीने पाकीट फळीवर परत ठेवलं.

मुलीला वाटलं, म्हातारा किमतीला घाबरला. किंमत होतीच, बसच्या चालकाला मिळणारं निवृत्तिवेतन काही राजेशाही नसतं. पण तोकुजी शहात्तर वर्षांचा होता. अठरा वर्षं म्हणजे किती हे कळायला बोटं मोजावी लागत नाहीत. त्याच्या मनात आलं, जरा हलकं खाणं घातलं तर काय बिघडलं, दोघांचं बरोबरच उरकेल. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. तीन महिन्यांच्या जिवाबद्दल असा विचार करणाऱ्या माणसाला कुत्रं द्यायचंच नाही, असा कायदा हवा. त्याने तेच महागातलं पाकीट उचललं, पैसे दिले आणि उन्हातून बसच्या थांब्याकडे चालत निघाला.

घरी किबी दारातच वाट बघत होती. रंगाने भरडलेल्या किबीसारखी, म्हणजे वरीसारखी, म्हणून हे नाव. तोकुजी आल्याचं बघून ती शेपटीसकट सगळी हलायची. तो घरी आला म्हणून कुणाला आनंद व्हावा, ही गोष्ट बायको गेल्यापासून घडली नव्हती. सुरुवातीला तो मागे वळून बघायचा, आणखी कुणी आलंय की काय म्हणून.

पण किबी अजून त्याची झाली नव्हती. हायाशिदाताईंनी ती महिन्याभरासाठी, जमतंय का बघायला ठेवली होती. पितरांचा बोन सण झाला की त्या येणार होत्या.

"तोवर एक माणूस बघून ठेवा," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर किबीला घरी नेईल असा. वाईट वाटून घेऊ नका उराबेकाका, साठीच्या पुढच्या सगळ्यांनाच आम्ही हे विचारतो. माणूस नसेल तर मला ती परत न्यावी लागेल."

"हात्तिच्या, एक माणूसच ना!" तोकुजी तेव्हा तोऱ्यात म्हणाला होता.

एक माणूस. फोनमधली नावं चाळायला बसला तेव्हा कळलं. निम्मे वर गेलेले, उरलेले वृद्धाश्रमात. नागोयाच्या पुतण्याला फोन लावला, तर त्याने इतक्या नम्रपणे नाही म्हटलं की फोन ठेवल्यावर तोकुजीला वाटलं, तो हो म्हणाला. मग कळलं, नाही म्हणाला. उरल्या शेजारच्या शिगेनोबाई, मधे एकच भिंत.

ती सगळी बैठी घरं खाणकामगारांसाठी बांधलेली. खाणी कधीच बंद पडल्या, तरुण माणसं फुकुओकाला गेली, घरांच्या रांगा तेवढ्या राहिल्या. शिगेनोबाई आणि तोकुजी वीसेक वर्षं शेजारी होते आणि त्या वर्षांत त्यांचं बोलणं उकाडा, थंडी आणि कचऱ्याची गाडी यापुढे गेलं नव्हतं. अशा बाईकडे जाऊन 'मी मेल्यावर माझं कुत्रं सांभाळाल का' हे विचारायचं कसं? तोकुजीचं घोडं तिथेच अडलं.

बरं, रिकाम्या हाताने तर जाताच येत नाही. उन्हाळ्यातल्या भेटवस्तूंचे दिवस होते, त्याने काळ्या द्राक्षांची पेटी घेतली, दुकानातून छान कागदात बांधून घेतली आणि बाईंचं दार वाजवलं.

"अगबाई, हे कशाला?" शिगेनोबाई म्हणाल्या.

"सहजच. उकाडा फार आहे."

"आहे खरा."

"मग... निघतो."

घरी येऊन तो किबीपुढे बसला आणि म्हणाला, "विचारलं नाही." किबीने त्याचा अंगठा चावला.

आता तिथली रीत अशी, की घेतलेल्या भेटीच्या निम्म्या किमतीचं काहीतरी परत करायचं, म्हणजे कुणी कुणाच्या उपकारात राहत नाही. आठवड्याच्या आत बाई शेवयांची पेटी घेऊन दारात. झाली फिटंफाट. तोकुजी हिरमुसला. उपकारच फिटला तर मागायचं कशाच्या जोरावर? म्हणून तो पुन्हा गेला, या वेळी मोठी नासपती घेऊन. बाईंनी पाठोपाठ चहापत्तीचा डबा आणून दिला. मग त्याने वाळवलेल्या माशांचा संच दिला, चांगला लाकडी खोक्यातला. प्रत्येक वेळी उकाड्यावर बोलणं झालं. बाई दर खेपेला जरा जास्तच वाकून आभार मानायच्या आणि दार जरा जास्तच लवकर लावायच्या, पण त्याचा अर्थ लावायचं भान या गृहस्थाला नव्हतं.

माशांनंतर मात्र बाई रिकाम्या हाताने आल्या. कमरेला एप्रन तसाच, चेहरा तापलेला.

"उराबेराव, माझ्यावर काय राग आहे का तुमचा?"

"छे, छे! राग कसला?"

"मग मला भिकेला लावायचं ठरवलंय का? द्राक्षं काय, नासपती काय! तुमची परतफेड करता करता माझ्या भाजीला पैसे उरेनात. काय हवंय ते एकदा तोंडाने बोला आणि मला मोकळं करा."

तेव्हा तो बोलला. जमिनीकडे बघत, एका दमात. हायाशिदाताई, बोन सण, एक माणूस. किबी तेवढ्यात बाईंच्या चपलेचा पट्टा चावायला लागली होती.

बाई खाली बसल्या. पिल्लाच्या तोंडातून पट्टा सोडवला. "खाते काय ही?"

तोकुजीने मोठ्या अभिमानाने पाकीट दाखवलं. बाईंनी किमतीची चिठ्ठी बघितली आणि मग त्याच्याकडे.

"इतकं महागाचं तर मीही खात नाही."

"पण कोंबडी पहिली आहे..."

"असेल. पण मला नाही झेपायचं हे. खोटं हो म्हणून मी कुणाला फसवत नाही. उद्या ती माझ्या दारात येईल आणि मी तिच्यापुढे भलतंच काही टाकेन, आणि ती उपाशी बसेल. नकोच ते." त्या उठल्या. "तुमचे मासे चविष्ट होते."

त्या गेल्या. त्या दिवशी तोकुजीने दिवा लावला नाही. बाईंनी नाही म्हटल्याचा त्याला राग नव्हता, त्यांचं बरोबरच होतं. त्याला एवढंच जाणवलं, की सगळ्या जगात विचारण्यासारखं एकच दार होतं आणि ते त्याने द्राक्षं, नासपती आणि मासे यांनी बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वस्तातलं पाकीट घेऊन आला. बाईंना झेपेल असं. घाई इतकी, की जुनं खाणं त्याने एकदम बंदच केलं आणि वाटी भरून नवं पुढे ठेवलं. किबीने बिचारीने ते खाल्लं आणि मग दोन दिवस तिचं पोट बिघडलं. तोकुजी फडकं घेऊन चटयांवर रांगत होता आणि तिची माफी मागत होता. "चुकलं ग. माझी अक्कल. माझंच चुकलं." जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला झापलं. खाणं बदलायचं तर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जायचं, आठवडाभर तरी. आणि हे रंगीत दाणे तर फेकूनच द्या, म्हणाले. तो पुन्हा महागाच्या पाकिटावर आला. ते आता तळाला गेलं होतं.

बोन सण आला आणि गेला. लोकांच्या घरी मुलं-नातवंडं आली, पितरांना निरोप देऊन तीही गेली. हायाशिदाताईंचा फोन आला, "उद्या सकाळी येते. माणूस मिळाला ना?" तोकुजी म्हणाला, "या तुम्ही." मग त्याने किबीचा पट्टा, खेळायचा मोजा आणि झोपायचं फडकं एका पिशवीत भरलं. पिशवी दाराशी ठेवली, तर किबीने मोजा परत बाहेर काढून आणला. त्याने तो पुन्हा आत ठेवला नाही.

संध्याकाळी दार वाजलं. शिगेनोबाई होत्या, हातात पाकीट. भेटीचा कागद गुंडाळलेला, वर रीतसर दोऱ्याची गाठ.

"माशांची परतफेड राहिली होती," त्या म्हणाल्या. "बरोबर निम्म्या किमतीचं आहे. जास्त नाही, कमी नाही."

तोकुजीने कागद सोडला. आत कुत्र्याचं खाणं होतं. सहकारी भांडाराचं, साधं, पाकिटावर चित्रसुद्धा नाही.

"कोंबडीच पहिली आहे, बघून घ्या. भिंग घेऊन गेले होते मी. भांडारातली माणसं हसत होती, हसू देत. मका आहे, पण पार खाली. रंग नाही. हे मला परवडतं. दर महिन्याला परवडेल." त्या जरा थांबल्या. "हिला मिसळून मिसळून सवय लावा. आणि उद्या त्या बाई आल्या की माझं नाव सांगा."

तोकुजी वाकला. वाकलेलाच राहिला.

"पुरे, पुरे. कंबर धरेल. मला एक सांगा, तुम्ही गेलात तर मला कळणार कसं?"

"अं?"

"पलीकडच्या रांगेतले हिगाकी गेले, कुणाला कधी कळलं? वास आल्यावर. तुम्ही गेलात तर गेलात, त्याला काय इलाज. पण दार आतून बंद, वाटी रिकामी, हिने काय करायचं? मी हो म्हणून काय उपयोग?" त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाटीकडे बोट केलं. "तुम्ही सकाळी हिला खायला घालता ते मला ऐकू येत नाही. तुमचे महागाचे दाणे राळ्याएवढे, त्यांचा काय आवाज येणार! हे चांगले मोठे आहेत. भांडारात पाकीट कानाशी धरून हलवून बघितलं मी. रोज सकाळी यातले थोडे वाटीत उंचावरून टाका. ज्या दिवशी आवाज येणार नाही, त्या दिवशी मी दार फोडून येईन."

तोकुजीने वाटीकडे आणि भिंतीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "आणि तुमचं? तुमचं मला कसं कळायचं?"

"इश्श! आमचे हे गेल्यापासून त्यांच्या देव्हाऱ्यापुढे रोज सकाळी घंटा वाजवते की मी. ती ऐकू येत नाही तुम्हाला?"

येत होती. वर्षानुवर्षं येत होती. ती वाजली की तो चहाचं पाणी ठेवायचा. म्हणजे भिंतीपलीकडची बाई जिवंत आहे हे त्याला रोज सकाळी कळत होतं, आणि त्याने एकदाही तसा विचार केला नव्हता. त्याच्या घरातून मात्र बायको गेल्यापासून पलीकडे काहीच जात नव्हतं.

"आत्ता करूनच बघू," बाई चपला घालत म्हणाल्या. "मी घरी पोचले की टाका."

पलीकडचं दार सरकलं. तोकुजीने मूठभर दाणे घेतले आणि उभ्यानेच वाटीत सोडले. खडखडाट झाला. किबी दचकली, मग धावत आली.

"आलं ऐकू!" भिंतीतून बाईंचा आवाज आला.

तोकुजी मूठ तशीच उघडी धरून उभा होता.

"अहो उराबेराव, आलं म्हटलं ऐकू!"

"हो," तो म्हणाला, पण ते इतकं बारीक निघालं की त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मग त्याने पाकिटात हात घातला आणि आणखी मूठभर दाणे वाटीत टाकले. किबीला ते जास्त होते.