सतराव्या पानावरची मोकळी जागा

उद्गारचिन्हाखालचा ठिपका अजून ओला होता. बाकीची अक्षरं वाळून मंद झाली होती, हा एकटाच चकाकत होता – टाचणीच्या डोक्याएवढा. ओल्या शाईला हात लावू नये एवढं शहाणपण सव्वीस वर्षांत आलेलं होतं, म्हणून तो नुसता बघत बसला. मान दुखत होती. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात आपला नसून ऑफिसनं वापरायला दिलेला आहे, असं त्याला रोज दुपारनंतर वाटायचं, तसं आताही वाटत होतं. सतरावं पान संपलं. अजून सात.

त्याचं काम फुग्यांचं. चित्रकथेतली माणसं तोंडाजवळच्या पांढऱ्या फुग्यांतून बोलतात, आणि त्या फुग्यांतलं अक्षर न् अक्षर मूळ चित्रावर लिहिणारा तो – या प्रकाशनात तरी हे अजून हातानंच चालत होतं. चित्राकडे बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. गाडी लावायला आलेला माणूस जसा रस्ता बघत नाही, जागा बघतो, तसे पान आलं की त्याचे डोळे आधी रिकामी जागा शोधत. नायकाला – ज्याच्यावर सगळ्यांची पोटं चालत होती आणि ज्याला हा मनातल्या मनात ‘आमचा उडाणटप्पू’ म्हणे – त्यानं हजारो वेळा उडताना पाहिलं होतं, पण खरं म्हणजे आजूबाजूचं आभाळच तेवढं पाहिलं होतं. चित्रकाराला, म्हणजे दादांना, हे ठाऊक होतं. तो दर चौकटीत वर डावीकडे जागा सोडायचा, हा ती भरायचा. दोघांचा संसार असा सव्वीस वर्षं विनातक्रार चालला होता.

या पानावर एकच चौकट होती, आणि तिचा वरचा पाऊण भाग कोरा. चला, आज दादांनी दया केली, असं म्हणत त्यानं तिन्ही फुगे ऐसपैस मांडले होते. ‘मी सारं शहर वाचवलं!’ ‘पण तुला नाही वाचवू शकलो!’ ‘मला क्षमा कर, आई!’

ठिपका वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून नजर खाली घसरली.

खाली उडाणटप्पू बसला होता. बसला होता – हेच आधी विचित्र. त्यानं मागची पानं पुन्हा उलटली, आणि या वेळी चित्रं पाहिली... सोळा पानं हा गडी कोसळता पूल खांद्यावर पेलत होता, चौकटीच्या कडा मोडून बाहेर येत होता, एके ठिकाणी त्याच्या मुठीच्या धक्क्यानं शेजारची चौकटच तिरपी झाली होती. रेघा अशा सुसाट की वाचणाऱ्यालाही धाप लागावी, चौकटी लहान लहान होत गेलेल्या, श्वास घ्यायला फुरसत नाही – आणि मग पान उलटलं की हे. इस्पितळातली लोखंडी खुर्ची. गुडघे जवळ घेतलेले. पाठीवरच्या त्या प्रसिद्ध झग्याचं टोक खुर्चीच्या पायाखाली अडकलेलं, आणि ते सोडवायचंही त्याला सुचलेलं नाही. समोर रिकामी खाट. उशीत खळगा, त्यानं रेघा मोजल्या, सात. सात रेघांत एक नसलेलं डोकं काढलं होतं दादांनी! आणि खाटेशेजारच्या स्टुलावर चष्मा. एका काडीला दोरा गुंडाळलेला.

तो चष्मा वहिनींचा होता.

गेल्या महिन्यात तो चित्रकाराच्या घरी गेला होता, वहिनी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. दादा खाटेशेजारी बसले होते, स्टुलावर हाच चष्मा होता, आणि खोलीत अशी शांतता होती की... त्याला ती सोसवली नाही. तो बोलत सुटला. बंद पडलेली लिफ्ट, ऑफिसातला नवा लेखक, गुडघ्यावरचं कुठलंसं तेल. तासभर! घरी आल्यावर बायको म्हणाली होती, “समोरच्याला एक शब्द बोलू दिलात का?” तेव्हा तो तिच्यावरच चिडला होता.

आणि आता इथंही तेच. एका माणसानं पहिल्यांदा गप्प बसायला जागा मागितली, आणि मी तिच्यात तीन फुगे कोंबले, वर तीन उद्गारचिन्हं... त्याला स्वतःची लाज वाटली. दमलेल्या माणसाला वाटते तशी, जड, जागची न हलणारी.

“काका, पाच वाजता छापखान्याचा माणूस येतोय,” दारातून संपादकबाई म्हणाल्या.

“बाई, हे पान बिनशब्दांचं गेलं तर?”

“वाचकाला वाटेल, छापायचं राहिलं. आणि लेखक माझं डोकं खाईल ते वेगळंच.” त्या जवळ आल्या, वाकल्या, जरा वेळ तशाच राहिल्या. “छान काढलंय हो.” मग घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, “काय ते तुम्ही ठरवा. मला पाचला पान द्या.”

त्यानं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. दोन हात दिले की छपाईत काही कळत नाही. कुंचला बुडवला, आणि तो तसाच ठेवून फोन लावला.

“काय रे, काही अडलं का?” चित्रकाराचा आवाज.

“दादा, सतरावं पान... मी भरून टाकलं. लिहून झाल्यावर पाहिलं.”

पलीकडून काही आलं नाही. त्याच्या जिभेवर वाक्यं हजर होती, एकापेक्षा एक बिनकामाची. त्यानं ती गिळली.

“त्या दिवशी किती बोललास रे तू,” चित्रकार शेवटी म्हणाला.

“चुकलंच माझं.”

“कधी एकदा उठतोस, असं झालं होतं मला.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मग तू गेलास. आणि घर असं अंगावर आलं की वाटलं, अजून थोडा बसला असता तर बरं झालं असतं.”

“मग आता इथं काय करू?”

“मला नाही सांगता येत. मी जागा सोडली. कशासाठी, ते माझं मलाच ठाऊक नाही.”

त्यानं फोन ठेवला. कुंचल्यावरचा रंग घट्ट होत चालला होता. फुग्यांतलं पुसावं म्हटलं तर पुसता येत होतं. राहू द्यावं म्हटलं तरी... थकवा होताच, पण मघाचा, पानं मोजणारा नव्हता. जागा रिकामी चांगली की भरलेली, हा प्रश्न कुठंतरी मागं पडला होता, आणि तो त्या बसलेल्या माणसाकडेच बघत राहिला होता, खांद्याच्या उतरत्या रेघेकडे. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या चौकटीत आणखी एक खुर्ची हवी होती. कुणी काढली नाही.

रविवारी जावं दादांकडे. बोलणं आलं तर बोलावं, नाही आलं तर नुसतं बसावं. मला जमेल का ते, कोण जाणे.